ओव्हरमध्ये न सांगितलेलं

'गेल्या सहा महिन्यांत, तुमच्या कामावर परिणाम होईल अशी माहिती कुणी तुमच्यापासून राखून ठेवली का?' उत्तराला पाच पर्याय: कधीच नाही, कधीमधी, महिन्यातून, आठवड्यातून, रोज. कामाच्या जागी होणाऱ्या छळाबद्दल, नॉर्वेतल्या बर्गन विद्यापीठातल्या संशोधकांच्या नावाशी जोडलेली २२ प्रश्नांची एक प्रश्नावली आहे, त्यातला हा पहिला प्रश्न. एम.एस्सी. नर्सिंगच्या प्रबंधासाठी मी तो मराठीत उतरवायला बसले आणि तिथेच थांबले. मला मेडिकल वॉर्डातला सात नंबरचा बेड आठवला.

२०१० साल. जी.एन.एम., म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, होऊन पुण्यातल्या एका खाजगी रुग्णालयात लागून मला तीन महिने झाले होते. नाईट होती. आठ वाजता ओव्हर घ्यायला, म्हणजे आधीच्या पाळीकडून एकेका पेशंटची माहिती ताब्यात घ्यायला, उभी राहिले. इव्हिनिंगच्या सिस्टर माझ्याहून सहा वर्षांनी सिनिअर. त्या ओव्हर द्यायच्या ती माझ्याकडे न बघता, केस पेपर मिटत मिटत, अर्धं वाक्य बोलून पुढच्या बेडकडे निघून. काही विचारलं की एक वाक्य ठरलेलं: "एवढंही कळत नाही? डिप्लोमा पास कुणी केलं तुला?" आणि हे पेशंटसमोर, मावशींसमोर, कधी डॉक्टरांसमोर. पहिल्या महिन्यात मी प्रश्न विचारले. दुसऱ्या महिन्यात कमी केले. तिसऱ्या महिन्यात अजिबात विचारत नव्हते.

त्या रात्री सात नंबरच्या आजोबांच्या डायबेटिक चार्टवर संध्याकाळच्या इन्सुलिनपुढे सही नव्हती. जेवणाचा ट्रे उशिरा आलेला. मी डोस भरला, स्पिरिटचा बोळा घेतला, बेडजवळ गेले. आजोबा म्हणाले, "बाई, मघाशी दिली की सुई. हितं पोटात."

आता कुणाचं खरं मानायचं? चार्टवर सही नाही म्हणजे दिलं नाही, हे आम्हाला पहिल्या वर्षापासून शिकवलेलं. आजोबा आदल्या रात्री मुलाला वडील समजून हाक मारत होते. सिस्टरांना फोन करायचा विचार मनात आला आणि हात फोनपर्यंत गेलाच नाही. शेवटी वॉर्डातल्या मावशी म्हणाल्या, "दिलंय ओ, मीच ट्रे धरला होता." मी शुगर तपासली, डॉक्टरांना कळवलं, डोस टाकून दिला. आजोबांना काही झालं नाही.

सकाळी इन्चार्ज सिस्टरांना सांगितलं. दोन दिवसांनी मेमो आला, मला. पेशंटसमोर सिनिअर स्टाफच्या कामाबद्दल शंका घेतली, असा. पुढच्या महिन्याच्या ड्युटी लिस्टमध्ये माझ्या चौदा नाईट होत्या आणि बहिणीच्या हळदीला मागितलेला ऑफ नव्हता. लिस्टखाली इन्चार्जची सही. कुणाशी काय बोलणार?

सिस्टरांनी सही मुद्दाम केली नव्हती की घाईत राहिली, हे मला सांगता येणार नाही. घाईत राहिली असेल. चाळीस पेशंटना दोन सिस्टर असल्या की सह्या राहतात. पण मी विचारू शकले नाही, हे घाईमुळे झालं नव्हतं. ते तीन महिने रोज थोडं थोडं करून घडवलेलं होतं. आजोबांच्या पोटात दुसरी सुई गेली असती तर त्या न विचारलेल्या प्रश्नामुळे गेली असती. पुढची इतकी वर्षं मी या विषयाला चिकटून राहिले त्याचं कारण एवढंच आहे.

आमच्यात या सगळ्याला एक शब्द आहे, 'ट्रेनिंग'. "आम्हालाही असंच शिकवलं, म्हणून आज आम्ही उभ्या आहोत." हॉस्टेलवर रात्री एकमेकींजवळ बोलताना दुसरा शब्द यायचा: सासुरवास. तो मला जास्त नेमका वाटतो. सासुरवासात सून गप्प बसते कारण घर त्यांचं आहे, आणि तिला आशा असते की एक दिवस किल्ल्या आपल्या कमरेला येतील.

नोकरी बदलली, पोस्ट बेसिक बी.एस्सी. केलं, पुन्हा वॉर्ड, मग २०१७ मध्ये एम.एस्सी. मानसिक आरोग्य हा विषय घेतला. प्रबंधाचा विषय ठरवायच्या वेळी बहुतेकींनी 'अमुक शिक्षण कार्यक्रमाची परिणामकारकता' घेतलं, कारण ते वेळेत पूर्ण होतं. मी गाईड मॅडमना म्हटलं, मला सिस्टर सिस्टरला छळते त्यावर काम करायचंय. मॅडम थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "रडगाणं नको. मोजता येईल असं आण."

ते मोजायचं कसं, याचा शोध घेताना कळलं की जगात यावर किती काम झालंय. हाइन्झ लेमान या स्वीडनमधल्या मानसशास्त्रज्ञाने १९९० च्या लेखात 'मॉबिंग'ची, म्हणजे कामाच्या जागी एखाद्याला सतत छळण्याची, जी कसोटी मांडली ती पुढे सगळ्यांनी घेतली: आठवड्यातून किमान एकदा, किमान सहा महिने. अमेरिकेत जुडिथ माइसनर यांनी १९८६ मध्येच विचारलं होतं की परिचारिका आपल्याच पिल्लांना का खातात. कॉलेजच्या लायब्ररीत ते वाक्य वाचून मी खिडकीबाहेर बघत बसले होते. मी तेव्हा जेमतेम जन्मले होते आणि कुणीतरी माझी नाईट ड्युटी लिहून ठेवली होती. इंग्लंडमध्ये लिन क्वाइन यांच्या २००१ च्या अभ्यासात ४४ टक्के परिचारिकांनी वर्षभरात असा अनुभव आल्याचं सांगितलं; त्याच संस्थेतल्या इतर कर्मचाऱ्यांमध्ये हे प्रमाण ३५ टक्के. दक्षिण कोरियात तर याला खास शब्द आहे, 'तेउम', म्हणजे जाळणं. नव्या मुलीला राख होईपर्यंत जाळायचं. २०१८ मध्ये सोलमधल्या एका तरुण परिचारिकेच्या आत्महत्येनंतर तो शब्द देशभर गाजला, आणि जुलै २०१९ पासून तिथल्या कामगार कायद्यात कामाच्या जागेवरच्या छळाला बंदी आली. हे मी प्रबंधाचं शेवटचं प्रकरण लिहीत असताना घडलं.

आपल्याकडे काय आहे? नर्सिंग कॉलेजात शिकणाऱ्या मुलीला रॅगिंगविरोधी संरक्षण आहे. महाराष्ट्राचा कायदा १९९९ चा. तीच मुलगी परीक्षा पास होऊन, कौन्सिलची नोंदणी करून वॉर्डात उभी राहिली की ते संपतं. लैंगिक छळासाठी २०१३ चा कायदा आहे, समिती आहे, आणि ती असायलाच हवी. माझी एक सहकारी तिच्या रुग्णालयातल्या त्या समितीकडे गेली होती. सिनिअर बाई रोज सगळ्यांसमोर तिच्या बोलण्याची नक्कल करायच्या; ती गडचिरोलीकडची. समितीने नीट ऐकून घेतलं आणि सांगितलं की हा विषय आमच्या कक्षेत येत नाही. मग कुणाच्या कक्षेत येतो, ते मात्र कुणी सांगितलं नाही.

प्रश्नावली वापरायची परवानगी बर्गनच्या संशोधन गटाकडून मिळाली. पैसे नाहीत, नाव काढून टाकलेली माहिती आणि आपण केलेलं भाषांतर काम झाल्यावर त्यांच्याकडे पाठवायचं, एवढीच अट. आणि इथून माझ्या मते सगळ्यात मोलाचे चार महिने सुरू झाले. भाषांतराचे.

या २२ प्रश्नांत 'बुलिंग', म्हणजे छळ, हा शब्द एकदाही येत नाही. फक्त वर्तन विचारलंय: असं असं घडलं का, किती वेळा. व्याख्या त्यानंतर येते आणि मग विचारतात, या व्याख्येप्रमाणे तुमचा छळ झालाय का? व्याख्येत दोन गोष्टी स्पष्ट आहेत. एकदा घडलेला प्रसंग म्हणजे छळ नव्हे, आणि दोन सारख्या ताकदीच्या माणसांचं भांडण म्हणजेही नव्हे. ज्याच्यावर येतं त्याला स्वतःचा बचाव करणं अवघड असलं पाहिजे.

मी पहिल्या खर्ड्यात एका ठिकाणी लिहिलं होतं, 'तुम्हाला पाण्यात पाहिलं जातं का?' मला अगदी मराठमोळं, चपखल वाटलं होतं. मॅडमनी काट मारली. म्हणाल्या, "हा निष्कर्ष झाला. ती काय करते ते विचार. तोंड फिरवते? उत्तर देत नाही? तू आलीस की गप्पा थांबतात?" मग ते तसं लिहिलं. त्यानंतर प्रत्येक प्रश्नाला मी हेच विचारत गेले: डोळ्यांना काय दिसतं, कानांना काय ऐकू येतं? नोकरी सोडावी असं सूचित करण्याबद्दल एक प्रश्न आहे. आमच्याकडे ते कसं होतं? "तुला झेपायचं नाही हे. लग्न कर आणि मोकळी हो." हक्काची रजा मागू नये म्हणून दबाव, हाही एक प्रश्न. तो वाचून माझ्या गटातल्या एका सिस्टरने विचारलं, "रजा मागायची म्हणजे? ती तर द्यायची असते त्यांनी, मनात आलं तर."

पात्रतेपेक्षा हलकं काम करायला लावण्याचा प्रश्न सगळ्यात अडला. पूर्वचाचणीत दोघीतिघींनी तिथे बेडपॅन देणं, पेशंटला पुसून घेणं लिहिलं. ते तर आमचं काम आहे, त्यात हलकं काही नाही. मग बोलता बोलता खरं बाहेर आलं: इन्चार्जच्या मुलाचा प्रोजेक्ट पूर्ण करणं, त्यांच्या घरचं लाइट बिल भरायला जेवणाच्या सुट्टीत जाणं, तीन वर्षं आय.सी.यू. केलेल्या मुलीला महिनाभर फक्त कापूस कापून निर्जंतुक करायचे ड्रम भरायला बसवणं. शेवटच्या उदाहरणाशी सगळ्याजणी थांबल्या. काम हलकं नव्हतं, ती शिक्षा होती, आणि ती शिक्षा आहे हे वॉर्डातल्या प्रत्येकाला कळत होतं.

दोन जणांनी मराठीत केलं, मूळ न पाहिलेल्या तिसऱ्या व्यक्तीने ते परत इंग्रजीत नेलं, तज्ज्ञांनी दोन्ही ताडून पाहिलं. लिहिताना एक ओळ होते. करताना दिवाळी गेली आणि होळी आली.

रुग्णालयांच्या परवानग्या हे वेगळंच प्रकरण. विषयात 'छळ' शब्द होता तोवर प्रत्येक मेट्रनच्या, म्हणजे सगळ्या सिस्टरांच्या प्रमुखांच्या, ऑफिसात एकच उत्तर: "आमच्याकडे असलं काही नाही." एका ठिकाणी मेट्रन मॅडमनी चहा पाजला आणि म्हणाल्या, "बाळा, आपल्याच प्रोफेशनची बदनामी कशाला?" शीर्षक बदलून 'कार्यस्थळावरील नकारात्मक वर्तन' केलं तेव्हा दोन ठिकाणी होकार आला. एथिक्स कमिटीने चांगला प्रश्न विचारला होता: फॉर्म भरल्याबद्दल एखादीला त्रास झाला तर तुम्ही काय करणार? मी लिहून दिलं होतं की गोपनीयता राखली जाईल. राखणं किती अवघड असतं हे पहिल्याच आठवड्यात कळलं.

एका वॉर्डात मी पाकिटं वाटून आले. दुसऱ्या दिवशी गेले तर इन्चार्ज सिस्टरांनी ती सगळी गोळा करून, उघडून, नीट टाचणी लावून ठेवली होती. मदत म्हणून. सगळ्या फॉर्मवर सगळे टिक 'कधीच नाही'वर. ते फॉर्म मी बाद केले. घरी येऊन रडले, कारण त्यातल्या एकीने आदल्या दिवशी पाकीट घेताना माझा हात घट्ट धरला होता.

त्यानंतर पद्धत बदलली. रुग्णालयात वाटायचंच नाही. हॉस्टेलच्या जिन्याखाली, बस स्टॉपवर, ड्युटी सुटताना. कुलूप लावलेली पत्र्याची पेटी, पाकीट स्वतः टाकायचं. वॉर्डाचं नाव विचारणं बंद केलं. वय पाच-पाच वर्षांच्या गटात. एक ब्रदर, म्हणजे पुरुष परिचारक, म्हणाला, "मॅडम, पुरुष, आय.सी.यू., तेवीस वर्षं, एवढं लिहिलं तर नाव लिहायची गरजच नाही. मी एकटाच आहे." त्याचं खरं होतं. स्त्री-पुरुष हा रकानाही काढला. मार्गदर्शक समितीत त्यावर वाद झाला, विश्लेषण लंगडं होईल म्हणून. होऊ दे म्हटलं.

माझे आकडे मी इथे देत नाही. नमुना लहान होता, आणि रुग्णालयं ओळखू येणार नाहीत असा शब्द दिलाय. जगभर दिसलेली एक गोष्ट मलाही दिसली, ती सांगते. बावीसच्या बावीस उत्तरांची बेरीज २२ ते ११० मध्ये येते. नॉर्वेतल्या नमुन्यावरून ठरवलेल्या रेषा ३३ आणि ४५ अशा आहेत. ४५ पासून वर गंभीर. या रेषेच्या कितीतरी वर गेलेल्या मुलींनी पुढच्या प्रश्नाला, म्हणजे तुमचा छळ झालाय का, याला 'नाही' लिहिलं होतं. एकीने समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'छळ नाही, मॅडम कडक आहेत.'

याचं कारण शोधताना मी आधी एका सोप्या उत्तरावर भाळले. सुझन जो रॉबर्ट्स यांनी १९८३ मध्ये मांडलं होतं की परिचारिका हा दबलेला गट आहे. वर डॉक्टर आणि प्रशासन, तिथे बोलता येत नाही, म्हणून राग आपल्याच खालच्यांवर निघतो. मला ते एकदम पटलं, कारण त्यात कुणीच वाईट ठरत नाही. मग ऑस्ट्रेलियातल्या मेरी हचिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं लेखन वाचलं आणि माझी समजूत ढासळली. त्यांचा रोख संस्थेकडे आहे. ड्युटी लिस्ट कुणाच्या हातात आहे, बढतीची शिफारस कोण करतं, तक्रार फिरून कुणाच्याच टेबलावर येते. मला माझ्या चौदा नाईट आठवल्या. त्या रागाच्या भरात झाल्या नव्हत्या. पट्टीने रेघा मारून, निळ्या पेनाने, शांतपणे लिहिल्या होत्या. डॉक्टर आमच्यावर ओरडतात हे खरं आहे, पण ड्युटी लिस्ट डॉक्टर लिहीत नाहीत.

आता जे सांगायचंय ते लिहायला मला वेळ लागला. माहिती गोळा करायच्या आधी मी तो फॉर्म स्वतः भरून पाहिला, २०१० ची मी म्हणून. मग गाईड मॅडमनी सांगितलं म्हणून पुन्हा एकदा भरला. या वेळी माझ्या हाताखाली २०१४ मध्ये आलेल्या एका मुलीच्या जागी बसून. तेव्हा मी शिफ्ट इन्चार्ज होते. पहिल्या प्रश्नाला पेन 'आठवड्यातून'वर गेलं. इमर्जन्सी ट्रॉलीची जादा किल्ली कुठे असते हे मी तिला सांगितलं नव्हतं. तिने शोधावी, म्हणजे लक्षात राहील, अशी माझी समजूत. एका रात्री ती किल्लीसाठी धावताना मी तिथे उभी राहून घड्याळ बघत होते. पेशंट दुसऱ्याच बेडचा निघाला, गरज पडली नाही, म्हणून ती गोष्ट माझ्या आठवणीत 'शिकवणं' या नावाखाली ठेवली गेली होती. बेरीज केली नाही. करायला घेतली होती, अठ्ठाविसाव्या गुणाला थांबले. प्रश्न अजून बरेच शिल्लक होते.

तिचा नंबर मिळवायला आठ दिवस लागले. ती आता ओमानमध्ये आहे. मी किल्लीबद्दल माफी मागितली. पलीकडे जरा वेळ काही ऐकू आलं नाही. मग म्हणाली, "किल्लीचं मला आठवत नाही, सिस्टर. तुम्ही वर्षभर मला नावाने हाक मारली नाहीत, ते आठवतं. 'ए नवीन' म्हणायचात. दुसरी नवीन आली, तरी मी 'ए नवीन'च." हे त्या २२ प्रश्नांत कुठे बसतं ते मी त्या रात्री पुन्हा पुन्हा शोधलं. धड कुठेच बसत नाही.

२०१९ मध्ये प्रबंध सादर झाला. परीक्षकांनी प्रामुख्याने आकडेशास्त्रावर विचारलं. शिफारशींमध्ये मी तीन गोष्टी लिहिल्या होत्या: ड्युटी लिस्टवर अपील करायची सोय वॉर्डाबाहेर हवी, छळाची तक्रार मेट्रन ऑफिसच्या वर कुणीतरी ऐकावी, आणि ओव्हर पेशंटच्या बेडजवळ, चार्ट हातात धरून, दोघींनी मिळून घ्यावी. दोन्ही रुग्णालयांना प्रत दिली. एकाने तिसरी गोष्ट सुरू केली आहे, असं तिथल्या मुली सांगतात. पहिल्या दोन कपाटात आहेत.

आता मी शिकवते. बोस्टनमध्ये मार्था ग्रिफिन यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मला वाचल्यापासून सोडत नव्हता. नुकत्याच लागलेल्या २६ परिचारिकांना त्यांनी कार्डं दिली होती. नर्सिंगमध्ये नेहमी दिसणारे त्रासाचे दहा प्रकार आणि प्रत्येकाला काय उत्तर द्यायचं ते, आधीच घोकून ठेवलेलं. वर्षाने विचारलं तेव्हा त्या मुलींनी बोलून दाखवलं होतं आणि समोरचं वागणं थांबल्याचंही सांगितलं होतं. एवढ्या लहान गटावरून फार मोठं काही म्हणता येत नाही, आणि ड्युटी लिस्टचं उत्तर कार्डावर लिहिता येत नाही, हे मला माहीत आहे. तरी मी कार्डं केली. भाषा आमची. "सिस्टर, हे मला नीट कळलं नाही, परत सांगता का?" "सिस्टर, हे आपण बाहेर बोलूया, पेशंट ऐकतायत." आणि ओव्हरसाठी: "सिस्टर, सही दिसत नाही. डोस दिलाय का?"

शेवटच्या वर्षाच्या मुलींकडून मी ते म्हणवून घेते. मी सिनिअर होते. पाठ फिरवून बसते, केस पेपर मिटत मिटत अर्धं बोलते, उठून पुढच्या बाकाकडे चालू लागते. परवा एका मुलीची पाळी होती. पहिल्यांदा तिने वाक्य जमिनीकडे बघून म्हटलं. मी थांबले नाही. दुसऱ्यांदा 'सिस्टर'पर्यंत आली आणि अडली. तिसऱ्यांदा मी ठरलेलं वाक्य टाकलं, जे मला टाकलं जायचं, डिप्लोमाचं. वर्गात कुणी हलेना. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली, चार्ट माझ्या पुढ्यात धरला आणि रिकाम्या चौकोनावर बोट ठेवून म्हणाली, "ते नंतर बोलू, सिस्टर. सात नंबरला इन्सुलिन दिलंय का?"

सात नंबर मी त्यांना कधी सांगितला नव्हता. कार्डावर बेड नंबरची जागा मोकळी असते, ती तिने स्वतःच्या मनाने भरली होती. मी सही केली आणि तिला नावाने हाक मारून जागेवर बसायला सांगितलं.